पैसे लेखकाने भरले, मग पुस्तक विकायचे कोणी?

गोदाकाठचा मास्तर (धागाकर्ता)

नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर, गोदावरी, दारणा, कादवा आणि गिरणा यांच्या काठाने हिंडून केलेल्या नोंदींचे मी एक पुस्तक तयार केले. हस्तलिखित तीन प्रकाशकांकडे पाठवले. दोघांकडून साधी पोचही आली नाही. तिसऱ्यांनी आठ दिवसांत होकार कळवला आणि त्याच फोनवर ६५ हजार रुपयांचा आकडा सांगितला. पाने १९२, प्रती ५००, किंमत ३०० रुपये. त्यांपैकी १०० प्रती मला आणि ४०० विक्रीसाठी त्यांच्याकडे, असे ठरले.

प्रकाशन समारंभ मीच केला, सभागृहाचे भाडे आणि चहाही माझाच. आलेल्या बहुतेकांना प्रत भेट दिली. त्यांपैकी दोघांनी पुस्तक वाचल्याचे पुढे कळवले, आणि त्यातला एक माझा व्याही आहे. दोन वर्षांनी प्रकाशकांनी ६० प्रती विकल्या गेल्याचा हिशेब दिला आणि गोदामात जागा नसल्याने उरलेल्या ३४० प्रती घेऊन जाण्यास सांगितले. आज त्या गठ्ठ्यांत बांधलेल्या स्थितीत माझ्या दिवाणाखाली आहेत.

माझे म्हणणे केवळ तक्रारीपुरते नाही. ज्याचे पैसे पुस्तकात अडकलेले असतात तोच ते विकण्यासाठी धडपडतो. छपाईचा सगळा खर्च लेखकाकडून आधीच वसूल झाला असेल, तर दुकानदाराला दुसऱ्यांदा फोन करण्याचे कारण प्रकाशकापाशी उरत नाही. अशा व्यवहाराला प्रकाशन म्हणू नये, मुद्रण म्हणावे, आणि दरही मुद्रणाचाच लावावा.

छपाईची शाई

मास्तरांच्या भावना समजतात, परंतु या व्यवसायात बावीस वर्षे काढलेला माणूस म्हणून हिशेब मांडणे मला भाग आहे. बारा फर्म्यांचे, म्हणजे सोळा पानांचा एक फर्मा धरून १९२ पानांचे, पुस्तक ५०० प्रतींत काढले, तर आमच्याकडे कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीमागे साधारण १०५ रुपये पडतात. तीनशे रुपयांच्या पुस्तकावर वितरक आणि दुकानदार मिळून ४५ टक्के सवलत घेतात, म्हणजे हातात १६५ रुपये राहतात. लेखकाचे दहा टक्के म्हणजे ३० रुपये दिले की उरतात ३०, आणि त्यातून मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदाम, वाहतूक आणि वर्तमानपत्रांना पाठवायच्या अभिप्रायार्थ प्रती भागवायच्या असतात.

हा हिशेबही सगळ्या प्रती खपल्या तर. निम्म्याच खपल्या, तर ४१,२५० रुपये येतात आणि छपाई व मानधन मिळून ६० हजार गेलेले असतात. दुकानदार माल परतीच्या बोलीवर घेतात, पैसे सहा महिन्यांनी देतात, आणि परत आलेल्या प्रतींचे कोपरे दुमडलेले असतात. एके काळी मराठीत पहिली आवृत्ती अकराशे प्रतींची असे. आज अनोळखी लेखकाच्या तीनशे प्रती काढतानाही हात थरथरतो. तेव्हा जोखीम लेखकाने वाटून घेतली तर त्यात अनीती कोणती?

गोदाकाठचा मास्तर

वाटून घेतली असती तर हा धागा काढलाच नसता. आपल्याच आकड्यांनी पाहू. ५०० प्रतींचे १०५ रुपयांप्रमाणे ५२,५०० होतात आणि मी भरले ६५ हजार. एकही प्रत विकली न जाता साडेबारा हजार वर उरले. या मांडणीत जोखीम कोणाची होती, ते आपणच सांगावे.

छपाईची शाई

त्या साडेबारा हजारांत १९२ पानांची अक्षरजुळणी, दोन वेळचे मुद्रितशोधन आणि चित्रकाराचे मानधन बसवून दाखवा, मग पुढे बोलू. तोटा झाला नाही हे मान्य करतो; नफा झाला हे मान्य करणार नाही.

पंचवटीकर

आम्ही कविता लिहिणाऱ्यांनी या चर्चेत बोलूच नये. आमच्या प्रती दुकानदार परतीच्या बोलीवरही घेत नाहीत.

वाचनालयातला

दोघांचेही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होत आहे, ती म्हणजे ग्रंथालये. १९६७ च्या कायद्याखाली शासनमान्यता मिळालेली दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रात आहेत. त्यांपैकी दर वीस ग्रंथालयांमागे एकाने जरी मास्तरांचे पुस्तक घेतले असते, तरी आवृत्ती संपली असती. तसे होत नाही, याचे कारण आत बसल्यावर कळते. अनुदान हप्त्यांनी येते, त्यातून पगार आणि वीजबिल जाते, आणि जे उरते त्यात, निदान मी काम केले तिथे, यादी तयार करून आणणाऱ्या आणि भरघोस सवलत देणाऱ्या पुरवठादाराकडूनच खरेदी झाली. पुस्तक चांगले की वाईट हा प्रश्न त्या टेबलावर फारसा येत नाही. एकटा लेखक पिशवीत पाच प्रती घेऊन आला, तर त्याला चहा मिळतो.

मात्र वाचक नाहीत, हे मला मान्य नाही. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय ज्या गावात आहे आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या ज्या गावातून बाहेर पडल्या, त्या गावात तरी असे म्हणणे शोभत नाही.

छपाईची शाई

पेटी विनामूल्य येते, साहेब. वाचक आणि ग्राहक हे दोन वेगळे प्राणी आहेत. २०२१ च्या डिसेंबरात आडगावला ९४ वे साहित्य संमेलन झाले, तेव्हा आमच्या गाळ्यावर पुस्तक हातात घेऊन उभ्या-उभ्या पंधरा पाने वाचून ते जागेवर ठेवणारे कितीतरी रसिक मी पाहिले.

सातपूरची लेखिका

मला मास्तरांचा मूळ मुद्दाच पटत नाही. पुस्तक विकणे हे आपले काम नाही असे लेखकाने धरले, की तो दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. मी माझी कादंबरी स्वतः काढली. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी, एका गृहस्थांनी दोन हजार रुपये मागितले होते. प्रत्यक्षात तो क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून लेखकाला स्वतःच्या नावावर विनाशुल्क मिळतो आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. पाचशे प्रती एकदम न छापता मी शंभर-शंभर डिजिटल छापून घेते. प्रतीला १५० रुपये पडतात, हे महाग आहे, परंतु घरात गठ्ठे नाहीत. तीनशेचे पुस्तक अडीचशेला थेट वाचकाला देते. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे, त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक कर वगळता २० रुपयांत जाते. प्रतीमागे सत्तरेक रुपये सुटतात, म्हणजे वर सांगितलेल्या मानधनाच्या दुपटीहून जास्त. तिसरी शंभरी आता संपत आली आहे.

गोदाकाठचा मास्तर

ताई, अभिनंदन. एकच विचारतो, आणि यात टोमणा नाही: दुसरी कादंबरी कुठवर आली?

सातपूरची लेखिका

नेमके दुखते तिथेच बोट ठेवलेत. आठ महिन्यांत एक ओळ लिहिलेली नाही. कंपनीतून घरी आले की पाकिटे भरणे, पत्ते लिहिणे, व्हॉट्सअॅपच्या गटांतून पुन्हा पुन्हा तीच जाहिरात टाकणे आणि ‘पीडीएफ आहे का’ असे विचारणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणणे, यात संध्याकाळ जाते. तरीही, गठ्ठे दिवाणाखाली असण्यापेक्षा हे बरे, असेच मी म्हणेन.

सीबीएसजवळचा वकील

मास्तर, करार झाला होता का? झाला असेल तर त्यात मुदत किती लिहिली आहे, ते पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते, आणि त्यात कालावधी नमूद केलेला नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो. हस्तांतर नसून केवळ परवाना दिला असेल, तरी कलम ३०अ मुळे हाच नियम लागतो. प्रकाशकाकडे हक्क कायमचे गेले, अशा समजुतीने पुनर्मुद्रणाचा विचारच सोडून देणारे लेखक मी पाहिले आहेत.

गोदाकाठचा मास्तर

कागद काढून पाहिला. एकच पान आहे. स्वाक्षरी मार्च २०२२ ची, आणि मुदतीचा उल्लेख कुठेही नाही; म्हणजे मार्च २०२७ नंतर मी मोकळा. तोवर दिवाणाखालचे गठ्ठे मीच नदीकाठच्या शाळांतून नेतो, भूगोलाच्या तासाला मला अजून कोणी नाही म्हणत नाही. हे विकण्याचे काम मी अंगावर घेतो आहे, ताई, पण ते मुळात माझे होते हे मात्र कबूल करणार नाही. त्यासाठी मी पैसे मोजले होते. त्यानंतर शंभर प्रती आपल्या पद्धतीने काढीन म्हणतो. छापखान्याचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवावा.

छपाईची शाई

अवश्य काढावे. मात्र मांडणीची फाइल मूळ प्रकाशकाची राहते, हे ध्यानात असू द्यावे. हक्क लेखकाकडे परत आले म्हणून आमच्या माणसाने श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत जुळवलेली पाने आपोआप त्यांच्याकडे जात नाहीत. युनिकोडमध्ये नव्याने अक्षरजुळणी करावी लागेल, आणि तो खर्च वेगळा.

गोदाकाठचा मास्तर

६५ हजारांच्या पावतीवर ‘अक्षरजुळणी व मांडणीसह’ असे लिहिलेले आहे. पावतीही त्याच पाकिटात सापडली. वकीलसाहेब, यावर आपले मत हवे आहे.