पहिली अकूस्टिक गिटार किटमधून : आपल्याकडच्या हवेत कोणते काम केव्हा करावे?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवतो आणि बऱ्याच वर्षांपासून गिटार वाजवतो. आता एक अकूस्टिक गिटार स्वतःच्या हातांनी बांधावी, अशी मनापासून इच्छा आहे. रंधा, पटाशी, करवत ही हत्यारे घरगुती कामापुरती हाताळता येतात. वाद्य मात्र कधी बांधलेले नाही. म्हणून लाकूड स्वतः निवडण्याच्या फंदात न पडता किट मागवायचे ठरवले आहे. ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद पोटाचा) आकार, स्प्रूसची (सूचिपर्णी झाडाच्या हलक्या लाकडाची) वरची फळी, पाठ आणि बाजू शिसवाच्या, बाजूच्या पट्ट्या आधीच वाकवून दिलेल्या, असे ते किट आहे. त्यात नेक (गिटारीची मान) बोल्टने जोडण्याचा एक प्रकार मिळतो आणि डव्हटेल सांध्याचा (पारव्याच्या शेपटीसारख्या खाचेत बसवून गोंदाने जोडण्याचा) दुसरा. पहिल्या कामासाठी यांपैकी कोणता घ्यावा?

दुसरे असे की, सध्या आमच्याकडे पावसाची झड लागली आहे. किट आले की लगेच काम सुरू करावे, की थांबावे? गोंद कोणता वापरावा, हेही ठरत नाही. गावातील आमचे सुतार अनुभवी आहेत. वरची फळी परदेशी स्प्रूसची कशाला, जुने मुरलेले सागवान लावा, असे ते म्हणतात. त्यांच्या बोलण्यात कितपत तथ्य आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तारजुळणी (टिळकवाडी, बेळगाव)

सर, आपल्या प्रश्नांपैकी हंगामाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि किटसोबत येणाऱ्या पुस्तिकेत त्याचे उत्तर आपल्या हवेपुरते क्वचितच सापडते, म्हणून आधी तोच घेतो.

लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगते आणि कोरड्या हवेत त्याच अंगाने आक्रसते. रेषांच्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. वरच्या फळीला आतून ज्या आधारपट्ट्या, म्हणजे ब्रेस, चिकटवतात, त्या बहुतेक फळीच्या रेषांना आडव्या किंवा तिरप्या छेदून जातात. फुगलेल्या फळीवर भर पावसाळ्यात ब्रेस पक्के केले, तर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत फळी आक्रसू पाहते, ब्रेस तिला आक्रसू देत नाहीत, आणि मग एकतर फळीचे दोन भाग जोडणारा मधला सांधा उकलतो, फळीला चीर जाते, किंवा फळी आत खचून तारा फ्रेटवर (नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) घासू लागतात. याउलट कोरड्या दिवसांत बांधलेली गिटार पावसाळ्यात थोडी फुगते आणि तारा किंचित उंचावतात. त्याने वाद्याचे कायमचे नुकसान होत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारींमध्ये उन्हाळ्यात फुटलेल्या फळ्या पुष्कळ असतात.

वरची फळी आणि पाठ यांवर ब्रेस चिकटवताना खोलीतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्के असावी, असे गिटार बांधणारे मानतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती घरातसुद्धा ८० च्या वर जाते आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर आठवडेच्या आठवडे खाली उतरत नाही. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक आजच घ्या. या कामात त्याचे महत्त्व पटाशीपेक्षा कमी नाही. दिवाळीनंतर वळवाचा पाऊस सुरू होईपर्यंत आपल्याकडे चांगला काळ असतो. त्यातही मापक ४५ च्या आसपास काही दिवस स्थिर राहिला, की फळ्या त्या हवेत मोकळ्या ठेवून मगच ब्रेसला हात घालावा. थांबणे शक्यच नसेल, तर बंद कपाटात जुन्या पद्धतीचा बल्ब लावून आतली हवा कोरडी राखता येते, पण फळ्या काही दिवस तिथे ठेवाव्या लागतील, काम झटपट उरकावे लागेल आणि चिकटवलेला भाग पुन्हा तिथेच वाळवावा लागेल. पहिल्याच कामाला ही कसरत मी सुचवणार नाही.

पावसाळा वाया जात नाही. बाजूच्या पट्ट्या ज्यात बसवायच्या तो साचा प्लायवुडचा करून घ्या. खाचा पाडलेली अस्तरपट्टी (फळी आणि पाठ चिकटायला कडेने जागा देणारी) बाजूंना चिकटवताना एका वेळी कितीतरी ठिकाणी दाब द्यावा लागतो. कपड्यांचे चिमटे रबराने आवळून त्यासाठी उत्तम चालतात. फळी आणि पाठ सांगाड्यावर दाबायला लांब बोल्ट, दोन लाकडी चकत्या आणि पंखाचा नट एवढ्यावर क्लॅम्प तयार होतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या यंत्रशाळेत हे बोल्ट हवे तसे कापून मिळतील आणि तिथेच एक पोलादी पट्टी घासून अगदी सरळ करून घेता येईल. ती पट्टी शेवटपर्यंत लागणार आहे.

नेक बोल्टचाच घ्या. त्याचा कोन चुकला तर तो काढून, टाचेचे (सांध्याजवळच्या टोकाचे) लाकूड किंचित घासून पुन्हा बसवता येतो. डव्हटेल एकदा गोंदाने बसला की वाफ दिल्याशिवाय निघत नाही.

वेदगंगाकाठ (निपाणी)

आमच्या घरी फर्निचरचे काम आहे आणि सागवानाविषयी मला मनापासून आदर आहे, तरीही वरच्या फळीसाठी ते घेऊ नये. वरच्या फळीला दोन गुण एकत्र लागतात, हलकेपणा आणि ताठपणा. सिटका स्प्रूसचे वजन घनमीटरला साधारण ४०० ते ४५० किलो भरते, तर सागवानाचे ६५० च्या आसपास. तेवढ्याच जाडीची सागवानी फळी जड पडून आवाज दाबते, आणि पातळ करत गेलो तर तारांच्या ताणापुढे ती टिकणे अवघड होते. शिवाय सागवानात नैसर्गिक तेल असल्यामुळे गोंद नीट धरत नाही. हीच अडचण शिसवातही आहे, म्हणून शिसवी भाग चिकटवण्यापूर्वी सांध्याची जागा ताज्या पॉलिश पेपरने घासून, स्पिरिटने पुसून लगेच गोंद लावावा.

शिसवाबद्दल जाता जाता सांगते. पूर्वी उत्तम गिटारींना ब्राझीलचे शिसव वापरत. ते मिळणे कठीण झाल्यावर अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ साली भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला, आणि तो वृक्ष आपल्या सह्याद्रीच्या जंगलातलाच आहे. पण म्हणून गावात मिळाले ते शिसव घेऊ नका. वनखात्याच्या कागदपत्रांशिवाय त्या लाकडाला हात लावू नये, आणि वाद्याला लागते तसे वाळलेले व रेषेत कापलेले लाकूड सहसा मिळत नाही.

गोंदाविषयी : लाकडासाठीचा पिवळा गोंद घ्या. फर्निचरचा नेहमीचा पांढरा गोंद कपाटाला उत्तम आहे, परंतु सतत ताणाखाली आणि उष्णतेत तो हळूहळू सरकतो आणि ब्रिजवरचा (फळीवर तारा अडकवायच्या लाकडी तुकड्यावरचा) ताण तर कधीच थांबत नाही. सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) नवशिक्याने टाळावा, कारण तो गरम असतानाच सांधा बसवून दाब द्यावा लागतो.

पॉलिशसाठी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या बोळ्याने पातळ थर देत जावेत. हे कामसुद्धा कोरड्या दिवसांतच करावे, नाहीतर थरावर पांढुरके सावट येते.

हिंडलगा_६

सरसाबद्दल ताईंशी माझा थोडा मतभेद आहे. वरच्या फळीसाठी नको, हे मान्य. मात्र नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) किंवा एखादा छोटा ब्रेस सरसाने चिकटवून पाहण्यात धोका नाही, आणि पुढे सांधा उघडायची वेळ आली तर उष्णता आणि ओलाव्याने तो सुटतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

मला मुख्यतः वेगळे सुचवायचे आहे. किट उघडण्यापूर्वी एकदा रेल्वेने मिरजेला जाऊन यावे. तिथे शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोऱ्याची कारागिरी उभी केली आणि मिरजेच्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तबली (वाद्याची वरची फळी) किती पातळ झाली हे कारागीर बोटांनी टकटक करून कसे ओळखतो, ते कोणत्याही चित्रफितीपेक्षा शेजारी बसून चांगले उमगते. मात्र तंबोऱ्याची जाडी गिटारीला लावू नये. तंबोऱ्याला बहुधा चारच तारा असतात. पोलादी तारांची गिटार सुरात लावल्यावर सहा तारांचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो. ब्रेसची इंग्रजी एक्स अक्षरासारखी मांडणी अमेरिकेत १८४० च्या दशकात रूढ झाली, तेव्हा तारा आतड्याच्या होत्या; पोलादी तारांचा ताण तीच मांडणी आज पेलते, म्हणून पहिल्या गिटारीत ब्रेस तासून आवाज खुलवण्याच्या मोहात न पडता ते किटमध्ये दिलेल्या मापाचेच ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोल्टच्या नेकचे किट मागवतो आणि ब्रेसचे काम दिवाळीनंतर करतो. आमच्या सुतारकाकांना साचा करायला सांगितला आहे. सागवानाचे कारण त्यांनाही पटले. एक शंका उरली आहे. ब्रिजची जागा नकाशावरून ठरवावी की मोजून?

तारजुळणी (टिळकवाडी, बेळगाव)

मोजूनच. नेक बसवल्यानंतर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर घ्या, ६४५ मि.मी. स्केल (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची ठरलेली लांबी) असेल तर ते ३२२.५ भरेल. त्याची दुप्पट केल्यावर बारीक तारेसाठी साधारण २ आणि जाड तारेसाठी ४ ते ५ मि.मी. अधिक धरून सॅडलची (ब्रिजवरील, तारा टेकतात त्या पट्टीची) तिरपी रेषा आखा. मात्र त्याआधी पोलादी पट्टी फ्रेटवर ठेवून पाहा : तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकले पाहिजे. ती त्याखाली अडत असेल किंवा बरीच वरून जात असेल, तर आधी नेकचा कोन दुरुस्त करावा. ब्रिज चिकटवायची जागा पॉलिशपूर्वी चिकटपट्टीने झाकून ठेवा, म्हणजे ब्रिज थेट लाकडावर बसेल. पॉलिशवर चिकटवलेला ब्रिज ताणाखाली उखडून येतो. ब्रिज चिकटवल्यावर पूर्ण दिवस क्लॅम्प काढू नका आणि तारा चढवायला त्यानंतरही काही दिवस जाऊ द्या.