मदत हवी आहे: स्टार्टअपमधून पुन्हा कन्सल्टिंगमध्ये – राजीनाम्याआधी काय बघावं?

नमस्कार मंडळी. मुंबईत ४ वर्षं ऑपरेशन्स कन्सल्टिंग, मग पुण्यातल्या स्टार्टअपमध्ये ३ वर्षं ऑपरेशन्स हेड. आता परत कन्सल्टिंगमध्ये जायचं आहे. नोटीस ९० दिवसांची. ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा कर्मचाऱ्याचा हक्क) आहेत: २,००० एक्सरसाइज करून, म्हणजे ती किंमत भरून, शेअर घेतलेत, तेवढेच व्हेस्ट होऊन, म्हणजे हक्क पक्का होऊन, पडून आहेत. जुन्या फर्मकडे जावं का? लेव्हल कोणती मागावी? केस इंटरव्ह्यू (धंद्यातला एखादा प्रश्न समोर सोडवून दाखवायची मुलाखत) पुन्हा द्यावे लागतात का? ईसॉपचं काय करावं?

प्रतिसाद १

आधी जुनी फर्मच, पण पोर्टलवर अर्ज टाकू नका. ज्या पार्टनरबरोबर शेवटची प्रोजेक्टं केलीत त्यांना फोन करा. पोर्टलवरचा अर्ज इतर शेकडो अर्जांत मिसळतो. पार्टनरनं विचारणा केली तर तुमची जुनी रेटिंग्ज काढून बघितली जातात आणि फेऱ्या कमी होऊ शकतात.

पगाराआधी लेव्हलचं बोला. ‘हेड’ हे पदनाम तिथे कुणी मोजत नाही. टीम किती जणांची चालवली आणि क्लायंटसमोर एकटे उभे राहाल का, हे बघतात. ७ वर्षांवर प्रोजेक्ट चालवणाऱ्याची लेव्हल मागणं रास्त आहे: मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्मच्या भाषेत एंगेजमेंट मॅनेजर, बीसीजीच्या भाषेत प्रोजेक्ट लीडर. एक पायरी खाली देत असतील तर पुढच्या बढतीसाठी स्टार्टअपची ३ वर्षं धरणार की नाही, हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा पार्टनर वर्षभरात दुसऱ्या ऑफिसला गेलेला असू शकतो.

केस द्याव्या लागतील असं धरूनच तयारी करा. स्टार्टअपमधून आलेले लोक अडतात ते एकाच ठिकाणी: प्रश्न संपायच्या आत उपाय सांगतात. ‘डिलिव्हरीचा खर्च १८ टक्के वाढला’ म्हटलं की ‘रूट बदलू’. आधी खर्च फोडा: ऑर्डरी किती, दर ऑर्डरमागे किलोमीटर किती, गाडीचं भाडं, परत आलेला माल. मग कुठला आकडा मागायचा ते ठरवा. समोर माणूस बसवून २०–२५ केस करा, प्रत्येकी ३५ मिनिटं, कॅल्क्युलेटरशिवाय. कोटीतून बिलियनमध्ये जायचा हात बसवा: ३,६०० कोटी म्हणजे ३६ बिलियन. तिथे एक शून्य चुकलं की पुढचं सगळं गणित वाया जातं.

रेझ्युमेत रुपये टाकू नका, गोपनीयतेचा करार आड येतो. टक्के आणि कालावधी पुरतात.

प्रतिसाद २

ईसॉपकडे राजीनाम्याच्या आधी बघा, घाईत इथेच पैसे जातात.

पडून असलेल्या २,००० साठी योजनेचा कागद काढा. नोकरी सुटल्यावर एक्सरसाइज करायची मुदत बऱ्याच ठिकाणी ९० दिवस असते. समजा एक्सरसाइजची किंमत १० रुपये आणि मर्चंट बँकरनं (शेअरचं मूल्य ठरवून देणारी नोंदणीकृत संस्था) काढलेलं मूल्य ४१० रुपये. फरक ४०० × २,००० = ८ लाख, हा पगारात धरला जातो. ३० टक्के दर आणि ४ टक्के सेस धरून कर २,४९,६००, वर शेअरचे २०,०००. हे सगळं रोख भरायचं, आणि शेअर मात्र विकता येत नाहीत. बायबॅकची (कंपनीनं शेअर परत विकत घ्यायची) ठोस तारीख नसेल तर कर्ज काढून एक्सरसाइज करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घेतलेल्या शेअरवरचा कर तेव्हाच कापला होता की पुढे ढकलला होता, हे फॉर्म १६ मध्ये तपासा. ढकललेला असेल तर नोकरी सोडल्यावर १४ दिवसांत तो देय होतो.

धागाकर्ता

कंपनीला डीपीआयआयटीची (केंद्र सरकारचा उद्योग विभाग) स्टार्टअप म्हणून मान्यता आहे. म्हणजे कर पुढे ढकललेलाच असणार ना?

प्रतिसाद २

नाही. ती मान्यता पुरत नाही. त्यासाठी ८०-आयएसीचं (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं स्टार्टअपच्या करसवलतीचं कलम) वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते फार थोड्या स्टार्टअपकडे असतं. एचआरला नको, फायनान्सला विचारा.

प्रतिसाद ३

वरच्यांनी एक सोडलं. डिलॉइट, ईवाय, पीडब्ल्यूसी, केपीएमजी यांपैकी कुठे जाणार असाल तर तुमची स्टार्टअप त्यांची ऑडिट क्लायंट आहे का ते बघा. असेल तर शेअर ठेवणं अडचणीचं ठरतं, आणि अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेले) शेअर पंधरा दिवसांत विकले जात नाहीत. ऑफर स्वीकारण्याआधी त्यांच्या इंडिपेंडन्स टीमकडून (ऑडिट क्लायंटमध्ये फर्मच्या लोकांचे पैसे गुंतलेले नाहीत ना, हे बघणारी टीम) लेखी उत्तर घ्या.

स्टार्टअपमध्ये संचालक म्हणून नाव असेल तर राजीनाम्यानंतर कंपनीनं ३० दिवसांत डीआयआर-१२ (संचालक बदलल्याची सरकारी नोंद करणारा फॉर्म) भरायला हवा. तो राहिला तर बॅकग्राउंड चेकमध्ये तुम्ही अजून संचालकच दिसता. संचालकानं स्वतः राजीनामा कळवायचा फॉर्म, डीआयआर-११, तुम्ही स्वतः भरू शकता.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. करमाफीसाठी लागणारी ५ वर्षांची सलग सेवा मोजताना आधीची नोकरी ट्रान्सफर केलं तरच धरली जाते. पासबुकात एक्झिटची तारीख कंपनीनं टाकली नाही तर शेवटच्या जमेनंतर २ महिन्यांनी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर स्वतः टाकता येते. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर दुहेरी नोकरीचा संशय येतो.

वर्षाच्या मध्ये बदलत असाल तर जुना पगार आणि कापलेला टीडीएस नव्या फर्मला लेखी कळवा. नाहीतर ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि खालचे स्लॅब दोन्हीकडे लागतात, आणि रिटर्न भरताना फरक व्याजासकट भरावा लागतो.