मुरगळलेला पाय आणि एक्सरे

कुणीतरी लिहिलंय की मुरगळलेल्या पायाचा एक्सरे न काढता घरी पाठवणं म्हणजे शुद्ध निष्काळजीपणा. तसंच काही नाही. १९९२ साली कॅनडात ओटावाच्या डॉ. इयन स्टील यांच्या गटाने यावर रीतसर अभ्यास करून नियम बसवले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, खालून साधारण ६ सेंमीपर्यंत, दाबून बघायची. तिथे दुखत नसेल आणि लंगडत का होईना चार पावलं टाकता येत असतील, तर घोट्याचं फ्रॅक्चर बहुधा नसतंच.

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, होम मैदानावर माझा पाय वळला, घोटा पार वांग्यासारखा सुजला. डॉक्टरांनी अंगठ्याने हाड चाचपलं, दवाखान्यातच चालवलं आणि क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. (आईचा आंबेहळदीचा लेप वरून होताच.) तीन आठवड्यांत जिने चढायला लागलो.

पण सासूबाईंचा पाय मुरगळला तेव्हा त्याच डॉक्टरांनी लगेच एक्सरे काढायला लावला. जुना मधुमेह, तळपाय बधिर; दाबल्यावर दुखतंय की नाही हे त्यांना कळणार कसं? तिथे हा नियम लावायचाच नसतो.