तीच लस, पण मलावीत निम्मीच का लागू पडते?

मेघदूत: रोटाव्हायरसची तोंडी लस. युरोपात तान्ह्या बाळांना तीव्र जुलाबांपासून ८५ टक्क्यांहून जास्त संरक्षण, दक्षिण आफ्रिकेत ७७, आफ्रिकेतल्याच मलावी देशात ४९. कुपी तीच! माझ्या मते दोष लसीचा नाही, पाण्याचा. लसीतला जिवंत विषाणू आतड्यात वाढला तरच उपयोग. तिथे आधीच जंतूंची जत्रा भरलेली आणि अस्तर सुजलेलं असेल, तर तो वाढणार कुठे? आधी नळ आणि संडास, मग लस.

खवचट: सगळं पाण्यावर ढकलू नका. आईकडून नाळेतून आणि दुधातून मिळालेली प्रतिपिंडंही लसीचा विषाणू अडवतात. शिवाय पेशीला चिकटायला त्याला ठरावीक साखरेची खूण लागते, ती जनुकांवर ठरते. आणि वेल्लोरला पोलिओच्या तोंडी लसीआधी बाळांना ॲझिथ्रोमायसिन हे जंतुनाशक औषध देऊन पाहिलं. आतड्यातले जंतू घटले, लसीला प्रतिसाद होता तिथेच.

मेघदूत: तीन दिवसांच्या औषधाने जन्मापासूनची सूज उतरते होय? आणि जनुकंच म्हणाल तर उत्तर प्रदेशचं काय? पोलिओच्या तिन्ही प्रकारच्या विषाणूंवरच्या जुन्या त्रिसंयोजी लसीचा टाइप १ विरुद्ध एका डोसाचा परिणाम तिथे ९ टक्के, बिहार वगळता उरलेल्या देशात २१. राज्याची हद्द ओलांडली की जनुकं बदलतात का? नाळेचं मात्र मान्य.

खवचट: जनुकं एकटीच जबाबदार, असं मी कुठे म्हटलं?

सिस्टरबाई: टक्क्यांवरून भांडा खुशाल, पण 'आधी नळ' खटकलं. मलावीत टक्का कमी, तरी वर्षाला दर १०० बाळांमागे जवळजवळ ७ तीव्र आजार टळले, दक्षिण आफ्रिकेत ४. कारण तिथे मुळात रोगच जास्त. जुलाबाने सुकलेलं बाळ कधी हातात घेतलंय? टाळू खोल गेलेली, रडतं पण डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच उभी. मी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला गालाच्या आतून डोस सोडते. अर्धा थुंकतात मेले, तरी सोडते. नळ येईल तेव्हा येईल.

मेघदूत: बरं सिस्टर, 'मग लस' एवढं मागे घेतो. पाण्याचं नाही.

खवचट: चला, अर्धा डोस तरी पोटात गेला.