खिल्लार खोंड वळू म्हणून ठेवावा का?

शिरूरकर: नमस्कार मंडळी, घरच्या गाईचा खोंड आहे, दीड वर्षाचा, अजून आदत (दुधाचेच दात). दिसायला एक नंबर, गावातले म्हणतात शर्यतीला काढ पण मला वळू ठेवायचाय. नेमकं काय बघू?

गोठेवाला_जुन्नर: भाऊ शिंगं अन् रंग सगळेच बघतात, तुम्ही आधी मागून बघा. दोन्ही अंड सारखी अन् नीट खाली उतरलेली पाहिजेत, एक बारीक एक मोठं असलं तर विषय संपला. मग कडक जमिनीवर चालवा, मागचे पाय कच्चे असले तर पुढं गाईवर चढतानाच मार खातो. आणि आईचं दूध, सड, दरवर्षी गाभण राहते का, माझ्या मते निम्मा निकाल इथंच लागतो.

पशुवैद्य_हडपसर: ब्रुसेलोसिस (गाईंचा गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग) आणि टीबीची टेस्ट केल्याशिवाय एकाही गाईवर सोडू नका. ब्रुसेलाची लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींनाच असते, खोंडाला चुकूनही नको. वीर्य तयार व्हायला साधारण 2 महिने लागतात, त्यामुळे आज ताप आला तर परिणाम नंतरही दिसतो.

शिरूरकर: म्हणजे लगेच सोडायचा नाही?

गोठेवाला_जुन्नर: छे, दोन दाती होऊ द्या, म्हणजे पहिले दोन पक्के दात येऊ द्या, सुरुवातीला आठवड्याला एखादी गाय बास. खुराक द्या पण चरबी नको, वेसण आत्ताच घाला. आणि त्याच्याच कालवडी माजावर यायच्या आत वळू बदला. उरुळी कांचनला बाएफ या पशुपैदास संस्थेत पण एकदा विचारून या.