जुन्या दगडी घरात माडीवर वाय-फाय पोहोचेना : राऊटर बदलू की केबल ओढू?

नमस्कार मंडळी,

आमचं घर शिवाजी पेठेत. आजोबांच्या वेळचं, काळ्या दगडाचं. आतल्या भिंतीसुद्धा दीड-पावणेदोन फुटी. फायबरचा बॉक्स पुढं सोप्यात, मग माजघर, त्याच्या मागं स्वयंपाकघर आणि वर माडी. बायको माडीवर संध्याकाळी सात ते नऊ दहावीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाइन वर्ग घेते. परवा भूमितीची एकच आकृती काढताना तीनदा लाइन तुटली. शेवटी ती लॅपटॉप घेऊन जिन्यातच बसली. पलीकडं वीस पोरं खोळंबलेली. तिची ही तगमग बघवत नाही म्हणून विचारतोय.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. बॉक्स कंपनीनं दिलेला, फायबर आणि वाय-फाय एकातच, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झ. बॉक्ससमोर मोबाईलवर ३५-४० मिळतात, माजघरात १२, माडीवर २ किंवा तेही नाही. सिग्नल मोजायचं ॲप घातलं तर सोप्यात उणे ४५ डीबीएम दाखवतं आणि माडीवर उणे ८४ (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). लॅपटॉपला केबल लावून बघितली तर ९४ येतात, म्हणजे लाइन ठीक असावी.

आतापर्यंत केलेलं सांगतो. बॉक्स फळीवरून काढून उंचावर ठेवला. आसपास चौदा नेटवर्क दिसतात, त्यातली बरीचशी चॅनल ६ वर, म्हणून आपलं १ वर आणलं आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ केली. माजघरात थोडा फरक पडला, माडीवर काही नाही. मेव्हण्याचा रिपीटर (वाय-फाय पकडून पुढं फेकणारा डबा) आठवडाभर माडीवर लावला. मोबाईलवर कांड्या पूर्ण दिसायच्या, पण वेग तोच रडतखडत.

राजारामपुरीत एका दुकानात विचारलं, तर तीन डब्यांची मेश (घरभर ठेवलेले डबे मिळून एकच वाय-फाय) घ्या म्हणाले. पैसे घालायला हरकत नाही, पण एवढ्या भिंतींतून ती तरी चालेल का? फायबर थेट नव्या राऊटरला जोडता येतं का? कंपनीच्या माणसाला बॉक्स ब्रिज मोडवर (म्हणजे बॉक्सनं नेट नुसतं पुढं द्यायचं, राऊटरचं काम माझा राऊटर करणार) टाकून मागितला, त्यानं चक्क नाही म्हटलं. दगडाला भोक पाडायला वडिलांची तयारी नाही, आणि त्यांचं मला पटतं.

प्रतिसाद

आधी त्या ९४ चं बघा. २०० च्या प्लॅनवर वेग बरोबर ९४-९५ ला अडकतो तेव्हा जोडणी १०० एमबीपीएसवर झालेली असते. एक तर बॉक्सचा तो पोर्ट फास्ट इथरनेटचा, म्हणजे १०० पर्यंतचाच आहे, नाहीतर केबल बाद आहे. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, केबलच्या आठही तारा लागतात. एक जोडी तुटली तरी ती गुपचूप १०० वर उतरते. बॉक्सच्या पाठीमागं एखादा पोर्ट वेगळ्या रंगाचा किंवा 'जीई' (गिगाबिट इथरनेट) लिहिलेला दिसतो का ते पाहा.

फायबर साध्या राऊटरला जोडता येत नाही. बॉक्समधलं ओएनटी प्रकाशाचा सिग्नल इथरनेटमध्ये बदलतं आणि कंपनीकडं नोंदवलेलं असतं. ते राहू दे. ब्रिजसाठीही भांडू नका. नवा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला) राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यापुरता, माडीवर ठेवा आणि केबलनं बॉक्सला जोडा. आयपी पत्ते बॉक्सच वाटेल, म्हणजे दुहेरी नॅटची (दोन राऊटरांनी एकामागून एक पत्ते बदलण्याची) कटकट नाही. वाय-फाय ६ चा, गिगाबिट पोर्टवाला साधा राऊटर पुरे. मेश बिनतारी लावलीत तर तिलाही त्याच भिंती आडव्या येणार. ५ गिगाहर्ट्झ तर दगडापुढं २.४ पेक्षाही लवकर थकतो. तो माडीवरच्या माडीवर वापरायचा.

रिपीटरचं म्हणाल तर, तो ठेवला तिथंच सिग्नल उणे ८४ होता. त्याला मिळालं तेवढंच तो पुढं देणार, आणि एकाच रेडिओवर घेणं-देणं करताना त्यातलंही निम्मं जाणार.

केबल जिन्याच्या कडेनं पट्टीतून न्या, भोक कशाला? कॅट ६, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. १०० मीटरपर्यंत चिंता नाही. विजेच्या वायरीला खेटून नेऊ नका. बाहेरून न्यायची वेळ आली तर उन्हापावसाला टिकणारं आवरण बघा. आपल्याकडचा पाऊस चार महिने तिला धुऊन काढतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. माझ्या जुन्या केबलच्या पिनेत चारच तारा बसवलेल्या होत्या! शेजारच्या मुलाकडची आठ तारांची केबल पिवळ्या पोर्टला लावली, तर १९१. दोन वर्षं आम्ही निम्म्याच वेगाचे पैसे वसूल करत होतो.

जिन्याच्या कडेनं मोजलं, सोप्यापासून माडीपर्यंत १८ मीटर भरतं. वडीलही पट्टीला हो म्हणाले. रविवारी ओढतो.

आता एवढंच सांगा : बॉक्स आणि माडीवरचा राऊटर, दोन्हीकडं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवू का? बायको वर्ग चालू असताना खाली येते, तेव्हा लॅपटॉप आपोआप दुसरीकडं गेला पाहिजे. आणि लाइट गेल्यावर चालावं म्हणून दोन्हीला १२ व्होल्टचे छोटे यूपीएस बघतोय. बॉक्सच्या अडॅप्टरवर १.५ अँपिअर लिहिलंय, तर २ अँपिअरचा घेतला तर चालेल ना?