लेन्स हूड: खरंच कामाचा की नुसता मिरवायला?

बॅकवॉटरी: रविवारी भिगवणला होतो, नावेत सहा जण आणि त्यातल्या चौघांचे हूड (लेन्सच्या तोंडावर बसवायची, बाजूचा प्रकाश अडवणारी कड) उलटे! बॅगेत मावावा म्हणून उलटा लावलेला तो तसाच, झूमची रिंग त्याच्याखाली दडलेली आणि हे बोटं आत घालून फिरवतायत. अरे सरळ लावा नाहीतर घरी ठेवा. सूर्य डावीकडे, फ्रेमच्या बाहेर होता, मुद्दाम हूड काढून एक आणि लावून एक असे चित्रबलाक पक्ष्याचे दोन फोटो काढले, हूडशिवाय त्याच्या छातीवरचा काळा पट्टा राखाडी आला. लोकांना वाटतं फ्लेअर (लेन्समध्ये शिरलेल्या तिरप्या प्रकाशाने फोटो बिघडणं) म्हणजे फक्त ते रंगीत गोळे, पण खरा घात असा गुपचूप काँट्रास्ट, म्हणजे गडद-उजळातला फरक, कमी होतो तेव्हा होतो. माझं मत, हूड कायम लावलेलाच हवा.

किटलेन्सवाला: कायम वगैरे नाही पटत. १८-५५ चा (कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स) हूड १८ मिमीला, म्हणजे सगळ्यात रुंद दिसतं तेव्हा, कोपरे काळे पडू नयेत म्हणून आखूड केलेला असतो, ५५ ला झूम केल्यावर तो असून नसल्यासारखाच. त्यापेक्षा टोपी नाहीतर तळहात धरा, फुकटात काम. आणि मामेबहिणीच्या हळदीत कॅमेऱ्याचाच फ्लॅश उघडून फोटो काढले, घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत खाली अर्धगोल काळी सावली, नवरीचे पाय गायब. हूडची कृपा! आत्या अजून टोमणे मारते.

बॅकवॉटरी: फ्लॅशला हूड काढायचा असतो हो, हे मान्य. पण दोन किलोची १५०-६०० ची लांबचं टिपणारी लेन्स हलत्या नावेत धरल्यावर तळहात लावायला तिसरा हात कुठून आणू?

लग्नसराई: प्रकाशाचं राहू दे बाजूला. वारीत दिवे घाटात गर्दीत कोणाचं तरी कोपर लागलं आणि लेन्स दगडी कठड्यावर आपटली, हूड तडकला, काच शाबूत. अडीचशे रुपयांचा होता. यूव्ही फिल्टरवाले म्हणतील आम्हीपण वाचलो असतो, पण ती समोर अजून एक काच, रात्री लायटिंगमध्ये तिच्यामुळेच दिव्यांची भुतं, म्हणजे पुसट प्रतिबिंबं, फोटोत दिसतात.

घाटमाथा: कोकणकड्यावर ट्रायपॉड लावून बघा मग बोलू. वारा हूडमध्ये भरतो आणि लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो, हललाच समजा. शिवाय पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवून लावायचा फिल्टर) फिरवायला बोट आत जात नाही. सूर्य फ्रेममध्येच असेल तर हूड काय कपाळ करणार? पावसाचे बारीक थेंब मात्र अडवतो, तेवढं मानतो.

नवखा_१२: बावळट प्रश्न, काही हूड पाकळ्यांसारखे का असतात? मी माझा कसाही फिरवून लावतो.

लग्नसराई: म्हणूनच तुझे कोपरे काळे येत असणार! फ्रेम आडवी चौकोनी, कोपऱ्यात लेन्सला सगळ्यात लांबचं दिसतं म्हणून तिथे खाच, वरखाली कमी दिसतं म्हणून तिथे लांब पाकळी. खट् आवाज येईपर्यंत फिरव. जुन्या किट लेन्समध्ये फोकस करताना पुढचा भागच फिरतो, त्याला साधा गोल हूडच बरा.

किटलेन्सवाला: बॅकवॉटरी, ते दोन फोटो टाका ना इथे. एक्स्पोजर दोन्हीत सारखंच होतं का? मध्ये ढग आला असेल तर सगळं पाप हूड नसण्यावर कशाला?

बॅकवॉटरी: मॅन्युअलवर होतो, सेटिंग सेम. ढगाचं मात्र नावाड्यालाच विचारावं लागेल 😄 संध्याकाळी टाकतो.